गणपतीच्या भिंतीवर मासा

आमच्या तोंडवलीच्या घरात भिंतीचं काम वाटून दिलेलं होतं. पावसात पोपडे धरलेली माती खरवडायची बायकांनी, शेणमातीनं लिंपायची बायकांनी, चुना भिजत घालायचा, गाळायचा आणि केवड्याच्या मुळीच्या कुंच्यानं दोन हात द्यायचे, तेही बायकांनीच. एवढं सगळं होऊन भिंत पांढरीशुभ्र झाली की मग मुंबईहून एक पुरुष यायचा, आंघोळ करून पंचा नेसायचा आणि तिच्यावर चित्र काढायचा. गणपतीच्या मागची भिंत रंगवणं हा मान असतो. आमच्याकडे तो माझ्या थोरल्या दिरांचा. ते गिरणीत होते, हात बरा होता, आणि दर वर्षी एकच चित्र काढत. मागे बर्फाचा डोंगर, पुढे तळं, तळ्यात कमळं आणि दोन हंस. घरातल्या एकाही माणसानं बर्फ बघितला नव्हता. हंसही बघितला नव्हता. पण चतुर्थीला भिंतीवर हंस नसला तर देव रुसेल अशी सगळ्यांची खात्री होती.

लग्न होऊन आले त्या वर्षी मी जावेला विचारलं, "हे हंस खंयचे गो, वैनी?"

"क्यालेंडरावरचे," ती म्हणाली. "आनि तोंड बंद ठेव."

मी वालावलची. माहेरी पाणी होतं, पण शांत, खाडीचं आणि देवळाच्या तळ्याचं. लाट काय असते ते लग्नानंतर कळलं, तेही कानांनीच. घर दर्यापासून हाकेच्या अंतरावर असलं तरी घरच्या सुनांनी दर्यावर जायचं नाही असा दंडक होता. "दर्यो रापणकारांचो, आमी माडांचे," सासूबाई सांगायच्या. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून ओढायचं लांबच लांब जाळं. ते ओढणारी माणसं आणि त्यांच्या बायका दिवसभर वाळूवर असत. आम्ही माडबागायतीवाले. मासळी दारात आली की घ्यायची, घासाघीस करायची, कालवणाचा वास घरभर घ्यायचा, पण ती येते तिकडे डोळा वर करून बघायचं नाही. मला हे कधी पटलं नाही. मी चुडतं, म्हणजे वाळलेल्या झावळ्या, गोळा करायच्या निमित्तानं माडांच्या शेवटच्या ओळीपर्यंत जायची. तिथून पुढे वाळू लागायची आणि ती वाळू कुणाच्या बापाची नव्हती.

आमचे हे मुंबईत एका फोटो स्टुडिओत कामाला होते. फोटो काढायला नव्हे, धुवायला. दिवसभर अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली हात औषधात बुडवून उभं राहायचं. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता त्या काळातली गोष्ट. एका मे महिन्यात हे आगबोटीनं आले ते मालकानं टाकून दिलेला एक कॅमेरा घेऊनच. अगदी डबाच तो, काळा, कोपऱ्यांवर कातडं सोललेला. कमरेशी धरायचा, वरच्या काचेच्या चौकोनात वाकून बघायचं आणि खटका दाबायचा. ह्यांनी सासूबाईंचा फोटो काढला, जावेचा तुळशीपाशी काढला, थोरल्या मामंजींचा काठी हातात घेऊन काढला. थोरले मामंजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे मोठे भाऊ. सासरे गेल्यापासून सगळ्या भावकीत त्यांचा शब्द शेवटचा. राहायचे शेजारच्या घरात, पण गणपती मूळ घरात बसायचा, म्हणजे आमच्याकडे, त्यामुळे आमच्या घरावर त्यांचं राज्य होतं.

मी त्या काचेच्या चौकोनात एकदाच बघितलं आणि मला वेड लागलं. खळ्यातली कोंबडी त्यात एवढीशी होऊन चालत होती, आणि उजवीकडची डावीकडे जात होती. सुट्टी संपून हे निघाले तेव्हा कॅमेरा तांदळाच्या कणगीमागे होता. तो मीच ठेवला होता. ह्यांनी फारसा शोधला नाही, आणि का शोधला नाही ते मी विचारलं नाही.

भातकापणीच्या सुमारास किनाऱ्यावर पाखरं उतरतात. तोंडवलीत त्या सगळ्यांना मिळून एकच नाव होतं, दर्यावरची पाखरां. काळा तो ढोक, पांढरा तो बगळा, बाकी सगळी दर्यावरची पाखरां. इतक्या दुरून येतात, इतक्या जातींची येतात, आणि गावानं एका नावात सगळ्यांची बोळवण केलेली. मला त्यांतलं एक फार आवडायचं. अंगानं पांढरं, पाठीवर राखाडी, पाय लाल, चोच लाल आणि कानामागे लहान मुलाला तीट लावावी तसा एक काळा ठिपका. रापण ओढायला लागले की ही पाखरं जाळ्यावर घिरट्या घालायची, पाण्यात तोंड घालायची आणि मासा घेऊन भांडत भांडत उडायची. मी म्हटलं, हीच ह्या डब्यात पकडायची.

पहिल्या दिवशी लाल लुगडं नेसून गेले आणि थेट थव्याच्या अंगावर चालत गेले. सगळी एकदम उठली. मी खटका दाबत राहिले. रापणकारांच्या बायका पोट धरून हसल्या. "गो बाये, हयसर तुझां काय हरावला?" एकीनं विचारलं. मी म्हटलं, "पाखरां." त्यावर त्या आणखी हसल्या.

रोल मुंबईला जाणाऱ्या माणसाबरोबर धाडला. फोटो शिमग्याला हे घेऊन आले. पाकीट उघडून एकेक माझ्यापुढे धरत म्हणाले, "ह्या फोटोत आभाळ. ह्या फोटोत आभाळ. हे तुझ्या मुंग्यांचे फोटो." मुंग्याच होत्या. पांढऱ्या कागदावर तिळाएवढे काळे ठिपके. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, मोठे करून आणा. पुढच्या खेपेला त्यांनी खरंच एक फोटो वहीच्या पानाएवढा मोठा करून आणला. त्यात पाखरू नव्हतं, नुसती राखाडी भुकटी होती.

तो मोठा फोटो घेऊन मी चुलीपुढे बसले आणि तेव्हा मला एक गोष्ट कळली. डब्यानं जे बघितलंच नाही ते मोठं करून दिसणार नव्हतं. पण जेवढं बघितलं तेवढं अगदी खरं होतं. तो ठिपका एका पायावर उभा होता. शेजारच्या ठिपक्याची मान मागे वळलेली होती. सगळे ठिपके एकाच दिशेला तोंड करून होते, कारण वारं तिकडून होतं. हे मी डोळ्यांनी रोज बघत होते आणि तरी मला दिसलं नव्हतं. मी कोळसा घेतला आणि चुलीमागच्या भिंतीवर तो ठिपका हाताएवढा काढला. पाय कुठे दुमडतो ते फोटोत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते बघायला पुन्हा दर्यावर गेले. पंख मिटल्यावर टोक शेपटीच्या पुढे जातं की मागे राहतं? पुन्हा गेले. मग जायचंच ठरवलं.

लाल लुगडं पेटीत गेलं. मातकट नेसायची, वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीच्या आडोशाला बसायची आणि डोक्यावर माडाच्या पातीचा विणलेला झाप घ्यायची. पाखरं चालत चालत जवळ यायची. डब्याचा खटका वाजला की दचकायची, पण उडायची नाहीत. फोटो हळूहळू मोठे होत गेले, तिळाचे वाटाणे झाले. घरात चुलीमागची भिंत भरली, मग पडवीची, मग न्हाणीघराची. जाऊ आंघोळ करून आली की म्हणायची, "तुझी पाखरां माका उघडी बघतत, गो."

सासूबाईंना हे आवडत नव्हतं. त्या थेट ओरडत नसत, भांडी आपटत. एकदा म्हणाल्या, "सून दर्यार जाता. लोक काय म्हणतले?"

"लोकांक पाखरां दिसनत नायत," मी म्हटलं, "मी खंयसून दिसतलंय?"

त्यांनी तांब्या आपटला. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. एक सांगते, मला त्या वेळी चित्रकार वगैरे व्हायचं नव्हतं. तो शब्दसुद्धा माझ्या डोक्यात नव्हता. मला एवढंच हवं होतं की मी बघितलेली गोष्ट, मी बघितली तशी, कुठेतरी मोठी होऊन राहावी. न्हाणीघरात नव्हे. माणसं जिथे हात जोडून उभी राहतात तिथे.

असं करता करता काही वर्षं गेली आणि एका चतुर्थीला थोरल्या दिरांना रजा मिळाली नाही. निरोप आला तेव्हा भिंत तयार होती, चुना वाळला होता आणि चित्राचा पत्ता नव्हता. थोरले मामंजी आले, पांढऱ्या भिंतीकडे बघत बराच वेळ बसले आणि मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "धाकट्या सुनेचो हात बरो आसा. रांगोळी घालता. दोन हंस काढ गो. कमळां नसली तरी चलतली."

जावेचं तोंड उतरलं. तिच्या नवऱ्याचा मान होता. मी म्हटलं, "बरां." हंस काढते असं मी म्हटलं नाही.

दार लोटून घेतलं आणि कामाला लागले. चुना होताच, काजळी चिमणीची, निळीची पुडी कपड्यांची आणि लाल म्हणून काव, ती तर अंगणाच्या कडांना लावायला घरात असतेच. डोंगर काढला नाही. एक आडवी रेघ मारली, ती वाळू. तिच्यावर निळीचा दर्या. मधे देवाची जागा सोडली. डावीकडे दगडावर काळसर ढोक, मान खांद्यात घेतलेला. वाळूच्या रेघेवर बारक्या पाखरांची धावती ओळ, सगळी वाऱ्याकडे तोंड करून. आणि उजवीकडे, देवाच्या खांद्याच्या बरोब्बर वर, पंख पसरलेलं माझं लाल पायांचं पाखरू. त्याच्या चोचीत एक तारली. चुन्यानं तिचं पोट चमकवलं आणि काजळीनं डोळा काढला. फोटो शेजारी मांडून ठेवले होते, पण शेवटी त्यांच्याकडे बघावं लागलं नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला थोरले मामंजी माटवी बघायला आले. देवाच्या डोक्यावर फळं आणि रानातले वेल बांधायची लाकडी चौकट ती माटवी, आणि ती नीट टांगली आहे की नाही हे ते स्वतः बघत. हे नुकतेच कोल्हापूरवरून एस.टी.नं आले होते, पावसात आगबोट बंद असते म्हणून. पाय धुवायचे होते अजून. मामंजींची नजर माटवीवरून खाली आली आणि भिंतीवर थांबली.

"ह्यां काय?"

"पाखरां," मी म्हटलं.

"तां माका दिसता. तोंडात काय आसा तेच्या?"

"तारली."

मामंजींची काठी जमिनीवर आपटली. "पाच दिस घरात मासळी शिजणा नाय, आनि देवाच्या डोक्यार तारली?"

"शिजली खंय, मामानू," मी म्हटलं. "जिती आसा अजून."

जाऊ पदर तोंडाला लावून आत पळाली. ती हसली की घाबरली ते मला अजून ठाऊक नाही. मामंजींचा चेहरा काळा-निळा झाला. "असली पाखरां ह्या जगात आसत तरी काय? लाल पाय! लाल चोच! मनाक येयत तां रंगवलंस."

"जगात सोडा, माडांच्या पलीकडे आसत. तुमचे हंस खंय आसत तां सांगा."

हे जास्त झालं होतं. मला कळत होतं जास्त होतंय, पण इतकी वर्षं न्हाणीघरात रंगवलेलं सगळं एकदम तोंडातून आलं. मामंजींनी जावेला हाक मारली आणि चुना कालवायला सांगितलं. जाऊ बाहेर आली. मी डोळे मिटून घेतले, कारण ही भिंत पुसायचं तिच्याइतकं कारण कुणालाच नव्हतं. ती दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "चुनो आमी एकदा दिलाव. ही बगा, हाताची सालां गेली. मी परत देवचंय नाय." तिनं पाखरांची बाजू घेतली नाही, तिनं आपल्या हातांची घेतली. मला ती त्या दिवशी फार आवडली. सासूबाईंनी तर मामंजींकडे बघितलंसुद्धा नाही, त्या वाती वळत राहिल्या.

मग मामंजी ह्यांच्याकडे वळले. "बायलेन केलां, आता घोवान पुसूचां."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पायांकडे बघत होते. मग कुंचा उचलला. मला वाटलं होतं निदान एक शब्द तरी बोलतील. बोलले नाहीत. बादलीत चुना घातला, पाणी ओतलं, अगदी भसाभसा ओतलं, आणि ढोकापासून सुरुवात केली.

आता पुरुषांनी जन्मात कधी चुना दिलेला नव्हता. ओला चुना पाण्यासारखा दिसतो, खालचं सगळं स्वच्छ दाखवतो आणि वाळेल तसतसा पांढरा होत जातो, हे घरातल्या तिन्ही बायकांना माहीत होतं. ह्यांनी एक हात दिला, पाखरं होती तशीच. मामंजी म्हणाले, "पातळ झालो. आनि एक दी." दुसरा दिला. पाखरं तशीच, फक्त ओली. तारलीचा डोळा तर अधिकच चमकायला लागला. मामंजी खवळले, "बसणा कसो नाय ह्यो चुनो?" आम्ही तिघी गप्प. शेवटी त्यांनी पंचा झटकला आणि म्हणाले, "सकाळी फुडें पांढरां कापड लावा. देव कापडाखाली बसात, माशाखाली नाय." आणि गेले.

हे भिंतीसमोर बसून राहिले. कडेकडेनं चुना सुकत आला, ढोकाचे पाय गेले, मग पोट गेलं. हे हळूच म्हणाले, "आमच्या स्टुडिओत उलटां जाता. पाण्यात कागद घातलो की चित्र वर येता."

"स्टुडिओचां माका सांगू नकात," मी म्हटलं. "ज्या हातान कॅमेरो दिलात त्याच हातान चुनो फासलात."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. त्या दिवशी मी ह्यांना जेवायला वाढलं नाही. जावेनं वाढलं.

सकाळी पुरुष मूर्ती आणायला निघाले. आमचा गणपती खाडीपलीकडच्या शाळेत होत असे. गणपती जिथे बनतात त्या जागेला आम्ही शाळा म्हणतो. होडीनं जायचं, होडीनं यायचं, वाटेत पाऊस. हेही डोक्यावर इरलं घेऊन गेले, जाताना माझ्याकडे न बघता. घरात आम्ही तिघी उरलो आणि कापडाची घडी हातात घेऊन मी भिंतीसमोर उभी राहिले. भिंत पांढरी झाली होती, पण पातळ चुन्याखाली पाखरं धुक्यात असावी तशी अजून होती. ओलही गेली नव्हती, तळवा लावला की गार लागायचं. मला वाटलं, ही पाखरं मेलेली नाहीत. मी कापड बाजूला टाकलं आणि काजळीची वाटी घेतली.

पुसट रेघांवरून हात जात होता, विचार करावा लागत नव्हता. जाऊ शेजारी येऊन बसली आणि काव कालवून द्यायला लागली. "पाय तांबडे की नारंगी?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "न्हाणीघरात तांबडेच आसत, माका म्हायत आसा." ढोक झाला, ओळ झाली, दर्याला नीळ चढली. मोठ्या पाखराशी आले आणि माझा हात जरा थबकला. म्हटलं, मासा थोडा बारीक करावा, चोचीत दडेल असा. नजरेत भरणार नाही आणि भांडणही टळेल. खरं सांगायचं तर मी दमले होते.

मागे सासूबाई उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही. वातींचं ताट हातात होतं. मला वाटलं आता ताट आपटतील.

"काढतंस तर मगे दिसात असो काढ," त्या म्हणाल्या.

मी मासा काढला. पहिल्यापेक्षा मोठा.

मोरयाचा गजर आवाठात, आमच्या वाडीत, शिरला तेव्हा जाऊ माटवीची शेवटची काकडी बांधत होती. मूर्ती हातात असली की मोरयाशिवाय तोंडातून दुसरा शब्द काढायचा नाही, ही आमच्या घरची रीत. मूर्ती थोरल्या मामंजींच्याच हातात होती, तोंडावर रुमाल झाकलेली. सासूबाईंनी त्यांच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि बाजूला झाल्या. मामंजी उंबरठ्याच्या आत आले, मान वर केली आणि त्यांना भिंत दिसली.

दोन्ही हातांत देव. मागे सगळी भावकी भिजत उभी. मामंजींचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्यांची नजर माशावर होती आणि माझी त्यांच्यावर. मी पदर सावरला नाही आणि मान खाली घातली नाही.

"मोरया!" मामंजी ओरडले, आणि इतक्या रागानं देवाचं नाव घेतलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मूर्ती पाटावर बसली. एकदा बसली की विसर्जनापर्यंत हलवत नाहीत. भटजी आले, त्यांना अजून गाव संपवायचा होता. त्यांनी एकदा वर बघितलं, "अरे वा, दर्यो!" म्हणाले आणि पूजेला लागले. पाच दिवस थोरले मामंजी आरतीला उभे राहिले ते देवाच्या पायांवर डोळे लावून, एकदाही वर न बघता. पहिल्या आरतीला हे मागून आले, कणगीमागचा कॅमेरा घेऊन. सगळ्यांसमोर तो भिंतीवर रोखला आणि मामंजी वळून बघताहेत हे बघून खटका दाबला. समयांच्या उजेडात त्या डब्याला काय दिसणार? नंतर फोटो आला तो सगळा काळा, दोन ज्योती तेवढ्या उमटलेल्या. पण त्या दिवशी मी ह्यांना जेवायला वाढलं.

पुढच्या वर्षी थोरल्या दिरांना रजा मिळाली. आम्ही बायकांनी भिंत वरवर खरवडली, लिंपली नाही कारण पावसानं ती बाजू राखली होती, आणि चुना दिला. वाळला. सकाळी बघतो तर तांबडे पाय वर आलेले. पुन्हा दिला, पुन्हा आले. ओल्या चुन्यावर रंग घातला की तो भिंतीच्या आत जाऊन बसतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी फक्त घाईत होते. मामंजींनीच देवविलेल्या चुन्यानं पाखरं धरून ठेवली होती. दीर म्हणाले, वरून डोंगर काढतो, झाकलं जाईल. पण डोंगर बर्फाचा, म्हणजे पांढरा. हंसही पांढरे. चतुर्थीच्या सकाळी दिरांच्या बर्फातून एक पंख बाहेर पडलेला होता, आणि खाली हंसाच्या मानेशी तारलीचा डोळा.

त्या तिन्हीसांजेला आरती झाल्यावर सगळे पडवीत प्रसाद घेत होते. मी निरांजनं उचलायला आत गेले तर थोरले मामंजी एकटेच भिंतीसमोर उभे होते. ह्या खेपेला वर बघत होते. काठी काखेत धरून त्यांनी बोट उचललं, पण भिंतीला लावलं नाही.

"धाकटे सुने," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "ह्यां पाखरू खराच आसा?"

"आसा, मामानू," मी म्हटलं. "आनि मासोच खाता."